अंदाजाला हिशेब असतो
संभाव्यता आणि संख्याशास्त्र शिकू इच्छिणाऱ्यांसाठी प्रस्तावना

सोयाबीन काढणीला आले की परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्याच्या शिवारात पीक कापणी प्रयोग सुरू होतात. कृषी, महसूल किंवा ग्रामपंचायतीचे कर्मचारी, विमा कंपनीचा प्रतिनिधी आणि गावातली चार माणसे एका शेतात उतरतात. शेत कोणते, हे आधीच यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कुणाच्याही मर्जीवर न सोडता, ठरलेले असते. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, नेमून आलेल्या आकड्यांइतकी पावले लांबीच्या आणि रुंदीच्या बाजूने चालायची आणि तिथे पहिला खुंटा ठोकायचा. मग तिथून चौकोन आखून चारही खुंट्यांना दोरी ताणून बांधायची, आतले पीक कापायचे, मळायचे आणि दाण्याचे वजन घ्यायचे. काट्यावर आकडा येतो तो जेमतेम काही किलोंचा. पण मुख्यतः महसूल मंडळातल्या अशा दहाएक प्रयोगांच्या सरासरीवरून मंडळातल्या सगळ्या सोयाबीनचे हेक्टरी उत्पादन ठरते आणि विम्याची भरपाई मिळणार की नाही, तेही.

एवढ्याशा तुकड्यांवरून सगळ्या मंडळाविषयी बोलता येते का? येत असेल तर किती खात्रीने? आणि फसगत होते ती नेमकी कुठे? हे प्रश्न बांधावरही विचारले जातात आणि विद्यापीठातही. ज्या शास्त्राच्या दारात हे पुस्तक वाचकाला आणून सोडू पाहते, ते शास्त्र याच प्रश्नांतून वाढले. त्याचे उत्तर थोडक्यात असे : थोड्या मापांवरून मोठ्या समूहाविषयी बोलता येते, मात्र ते बोलणे किती पक्के आहे, हेही त्याच मापांवरून सांगावे लागते. अंदाजासोबत त्याच्या चुकीचा अंदाजही द्यायचा, ही या शास्त्राची पहिली शिस्त. पुढची सगळी प्रकरणे या एका शिस्तीचा विस्तार आहेत.

या शिस्तीला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे, आणि ती मराठी वाचकाला आपली वाटावी अशी माझी इच्छा आहे. पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने होई. अनुभवी अधिकारी शिवार पाही आणि रुपयात इतके आणे पीक आहे असे लिही. नजर अनुभवी असली तरी ती किती चुकते, हे मोजायची सोय त्यात नव्हती. 1920 च्या दशकात जे. ए. हबॅक यांनी बिहार-ओरिसात भातशेतीचे यादृच्छिक नमुने कापून पाहिले. पुढे कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था उभारली आणि बंगालमधल्या तागाच्या पिकाच्या मोठमोठ्या पाहण्या केल्या. त्याच काळात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकून परतले आणि कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या नमुना पाहणीची घडी बसवू लागले. त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे कापसाच्या पिकावर काम करत होते. सुखात्मे आणि पानसे यांचा शेतीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींवरचा ग्रंथ 1954 मध्ये निघाला आणि कृषी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. तोपर्यंत सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे काम पाहू लागले होते. इकडे पुणे विद्यापीठात वसंत शंकर हुजूरबाजार यांनी या विषयाचा विभाग उभा केला. केंब्रिजमध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे शिकून त्यांनी सैद्धांतिक संख्याशास्त्रात स्वतःची भर घातली होती.

महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात नमुन्याच्या आकारावरून मोठा वाद झाला. तो आजही नवशिक्याला खूप काही शिकवतो. महालनोबिस छोटे तुकडे, पण पुष्कळ, घ्यावेत या मताचे. खर्च तोच ठेवून जास्त ठिकाणी जाता येते, हा त्यांचा युक्तिवाद. सुखात्म्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान केला तर उत्पादन खरे असते त्याहून जास्त दिसते. कारण कडेला आहे. कडेवरचे झाड आत धरायचे की बाहेर, अशी शंका आली की माणूस नकळत ते आत धरतो. 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद चौकोनाचे क्षेत्र 50 चौरस मीटर आणि कड 30 मीटर, म्हणजे दर चौरस मीटरमागे 60 सेंटिमीटर कड. 2 मीटर बाय 1 मीटरच्या तुकड्यात दर चौरस मीटरमागे 3 मीटर कड येते, पाचपट. जितकी कड जास्त, तितकी शंकेची झाडे जास्त. 1946 मध्ये ‘नेचर’मध्ये सुखात्म्यांनी हा मुद्दा मांडला.

या वादातून चुकीचे दोन प्रकार स्पष्ट होतात, आणि वाचकाने या पुस्तकातून एकच गोष्ट घेऊन जायची झाली तर ती हीच असावी. पहिला प्रकार नमुन्याच्या चढउताराचा : एक शेत चांगले निघाले, दुसरे हलके. ही चूक दोन्ही बाजूंना होते आणि नमुने वाढवले की कमी होते. दुसरा प्रकार अभिनतीचा, म्हणजे एकाच बाजूला झुकणाऱ्या चुकीचा : दोरी सैल राहिली, कडेची झाडे आत आली, रस्त्यालगतचीच शेते निवडली, ओला दाणा तसाच तोलला. ही चूक दहाऐवजी दहा हजार प्रयोग केले तरी जात नाही. उलट चुकीचा आकडा जास्त ठामपणे सांगितला जातो. म्हणून आकडा किती मोठ्या पाहणीतून आला हे विचारण्याआधी तो कसा गोळा केला हे विचारावे.

आता पहिल्या प्रकारच्या चुकीचा हिशेब एका उदाहरणात करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पद्धत मात्र खरी आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत आधी उंबरठा उत्पादन काढतात. मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घ्यायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचे. महाराष्ट्रात तो 70 टक्के असतो. समजा, एखाद्या मंडळात सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन 1400, 600, 1500, 1300, 1100, 900 आणि 1700 किलो आहे. 600 आणि 900 ही दोन वर्षे गळतात, उरलेल्या पाचांची सरासरी 1400, आणि तिचे 70 टक्के म्हणजे 980 किलो. यंदाच्या प्रयोगांची सरासरी 840 किलो आली, तर तूट 140 किलो, उंबरठ्याच्या एक सप्तमांश. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी 56,000 रुपये धरली तर भरपाई 8,000 रुपये. सरासरी 980 आली तर भरपाई शून्य.

हा 140 किलोंचा फरक प्रयोगाच्या 50 चौरस मीटरच्या चौकोनात किती दिसतो? 700 ग्रॅम. चौकोनात 4.2 किलो दाणे निघाले तर आठ हजार, 4.9 किलो निघाले तर काहीच नाही. आता मंडळातल्या शेताशेतांत उत्पादनाचा चढउतार किती असतो ते पाहा. हलकी जमीन, भारी जमीन, विहिरीचे पाणी, पेरणीची तारीख यांमुळे हा चढउतार, ज्याला प्रमाण विचलन म्हणतात, 400 किलो धरणे अवाजवी नाही. दहा प्रयोगांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी काढायला 400 ला दहाच्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर सुमारे 126 किलो. म्हणजे ज्या 140 किलोंवर भरपाई अडली, तेवढा फरक निव्वळ कोणती दहा शेते निवडीत आली यावरूनही पडू शकतो. त्रुटी निम्मी करायची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात. चाळीस प्रयोगांत ती 63 वर येते. गणित वर्गमुळाचे असल्यामुळे अचूकता महाग पडते. हे कळले की मागणीही नेमकी करता येते : प्रयोग किती झाले, शेते कशी निवडली, दाणा वाळवला का, दहाही वजने कुठे पाहायला मिळतील. या प्रश्नांना आकडेमोडीचे बळ असते, म्हणून ते टाळता येत नाहीत.

शेतातल्या मापाकडून आभाळाकडे वळू. पावसाच्या अंदाजाविषयी मराठवाड्यात जितके बोलले जाते तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयी बोलले जात असेल. जुलै 2017 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात आनंदगावच्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. चांगल्या पावसाचा अंदाज ऐकून पेरणी केली आणि पाऊस दडी मारून बसला, हे त्यांचे म्हणणे. त्या वर्षी जूनमध्ये खात्याने देशभरात सरासरीच्या 98 टक्के पाऊस होईल, चूक 4 टक्के इकडे-तिकडे, असे सांगितले होते. हंगामाअखेर देशात 95 टक्के पाऊस झाला. देशाचा अंदाज आपल्या मर्यादेत बरोबर ठरला आणि आनंदगावच्या रानात तेव्हा पाणी नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. देशाच्या चार महिन्यांच्या बेरजेत एका गावाचे वीस कोरडे दिवस सहज लपून जातात. जितका प्रदेश मोठा आणि काळ लांब, तितका अंदाज सोपा. शेतकऱ्याला मात्र लहान प्रदेशाचा आणि थोड्या दिवसांचा अंदाज हवा असतो. शेतकऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे. अंदाज सांगताना तो कशाचा आहे आणि कशाचा नाही हे त्याच दमात सांगणे, हे सांगणाऱ्याचे काम आहे.

मोसमी पावसाच्या भाकितात मराठी शास्त्रज्ञाचे नावही ठळक आहे. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने 1988 पासून सोळा घटकांचे प्रारूप वापरात आले : कुठल्या समुद्राचे तापमान, कुठला वायुदाब, कुठला हिमवर्षाव अशा सोळा खुणांवरून देशाच्या पावसाचा अंदाज. पुढची चौदा वर्षे अंदाजाची दिशा बरोबर निघत गेली. 2002 मध्ये 101 टक्के सांगितले गेले आणि पाऊस झाला 81 टक्के. त्यानंतर खात्याने प्रारूप बदलले. या प्रसंगातून दोन धडे घ्यावेत. 1988 ते 2001 या काळात देशव्यापी दुष्काळ पडलाच नव्हता, त्यामुळे दरवर्षी डोळे मिटून ‘पाऊस चांगला’ म्हणणाराही तितकाच बरोबर ठरला असता. एखाद्या पद्धतीचे कौतुक करण्याआधी तिची तुलना अशा साध्यात साध्या अंदाजाशी करावी. दुसरा धडा असा की घटक वाढवत गेले की जुन्या वर्षांशी मेळ उत्तम बसतो, पण तो मेळ पुढच्या वर्षी टिकेलच असे नाही. प्रारूपाची परीक्षा त्याने न पाहिलेल्या वर्षांवर घ्यायची असते. गोवारीकरांचे काम धाडसाचे होते. त्यांनी आकडा आधी जाहीर केला म्हणून तर तो तपासता आला.

अंदाज तपासण्याची ही अट आपल्याकडच्या सगळ्याच भाकितांना लावून पाहावी. पंचांगात पावसाच्या अंदाजासाठी नक्षत्राचे वाहन दिलेले असते. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि पीकपाण्याचे भाकीत ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. श्रद्धेचा मान ठेवूनही एक काम करता येते : भाकीत त्याच दिवशी शब्दशः लिहून ठेवायचे, कोणत्या जिल्ह्यात किती मिलिमीटर झाले तर ते खरे मानायचे हे आधी ठरवायचे आणि हंगाम संपल्यावर खऱ्याखोट्याची बेरीज मांडायची. हवामान खात्याच्या, खासगी अंदाजकाराच्या आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशाच्या भाकितालाही हाच नियम. खरे निघालेले लक्षात राहते आणि चुकलेले विसरते, हा मनाचा स्वभाव आहे. वही विसरत नाही.

संभाव्यतेने सांगितलेला अंदाजही तपासता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘उद्या पावसाची शक्यता 70 टक्के’ असे सांगितले आणि पाऊस आला नाही, तर एका दिवसावरून अंदाज खोटा म्हणता येत नाही. पण ज्या ज्या दिवशी 70 टक्के सांगितले असे शंभर दिवस गोळा केले, तर त्यांपैकी सत्तरच्या आसपास दिवशी पाऊस व्हायला हवा. चाळीसच दिवशी झाला तर सांगणारा वाढवून सांगतो आहे. 1950 मध्ये ग्लेन ब्रायर यांनी याचे सोपे गुणमापन दिले : सांगितलेली शक्यता आणि घडलेली गोष्ट यांतल्या फरकाचा वर्ग. 0.7 सांगितले आणि पाऊस आला, तर फरक 0.3 आणि दंड 0.09, नाही आला तर दंड 0.49. अनेक दिवसांची सरासरी काढा; ज्याची कमी, तो अंदाजकार चांगला. शाळेतल्या मुलांनाही हा हिशेब करता येतो.

अंदाज मिळाल्यावर करायचे काय, हा पुढचा प्रश्न. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगते. समजा, घाई केली आणि दुबार पेरणीची वेळ आली तर हेक्टरी 10,000 रुपये जातात आणि थांबले तर पाऊस कसाही झाला तरी उशिरामुळे 4,000 रुपयांचे उत्पन्न घटते. मग पाऊस दडी मारण्याची शक्यता 40 टक्क्यांहून जास्त वाटली तर थांबणे हिताचे, कमी वाटली तर पेरणे. सरासरी नफा-तोट्याचा हिशेब एवढा सरळ आहे. पण सरासरीचा लाभ त्याला मिळतो, ज्याला पुष्कळ हंगाम टिकून राहता येते. डोक्यावर कर्ज असलेल्या दोन एकरवाल्याला एकच वाईट हंगाम बुडवू शकतो. डॅनिएल बर्नुली यांनी 1738 मध्येच दाखवले होते की तेवढीच रक्कम गरिबाला अधिक जड असते. म्हणून छोट्या शेतकऱ्याने सरासरीने थोडा कमी, पण बुडण्याची भीती नसलेला मार्ग निवडला, तर तो अडाणीपणा नाही, ते चोख गणित आहे. विम्याची गरजही इथूनच निघते, आणि म्हणून विम्याची मापे चोख असण्याची गरजही.

आणखी एका धोक्याची ओळख इथेच करून देतो. सोनपेठ तालुक्यात गोदावरीवर खडका बंधारा आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्राला तिथून पाणी जाते. पाटबंधाऱ्याच्या योजना आखताना 75 टक्के विश्वासार्हतेचे पाणी धरण्याची रीत आहे, म्हणजे चारपैकी तीन वर्षे निदान तेवढे पाणी मिळावे. मग लागोपाठ दोन वर्षे तूट येण्याची शक्यता किती? एक चतुर्थांश गुणिले एक चतुर्थांश, सोळांत एक, असे उत्तर चटकन सुचते. हा गुणाकार तेव्हाच चालतो, जेव्हा एका वर्षाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. मराठवाड्यात 2014 आणि 2015 ही दोन्ही वर्षे तुटीची गेली; धरणांत शिल्लक नव्हती म्हणून दुसऱ्या वर्षीची तूट दुप्पट बोचली. 2015 मध्ये पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले आणि एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. संकटे एकमेकांना धरून येतात तेव्हा गुणाकार करून त्यांना दुर्मीळ ठरवणे हा संभाव्यतेतला सर्वांत महागडा प्रमाद आहे.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांनीही असाच घोटाळा होतो. याचा अर्थ दरवर्षी शक्यता एक टक्का, एवढाच. नदीकाठी घर बांधून तीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबाला असा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे 26 टक्के येते, आणि काल पूर येऊन गेला म्हणून आज ती कमी होत नाही.

आता पुस्तकाच्या रचनेविषयी. पहिल्या भागात मोजणी आणि संभाव्यता आहे : 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात झालेली सुरुवात, 1713 मध्ये छापलेल्या याकोब बर्नुलींच्या ग्रंथातला मोठ्या संख्यांचा नियम आणि 1763 मध्ये प्रसिद्ध झालेला बेझ यांचा विचार, म्हणजे नवी माहिती आली की जुना अंदाज किती बदलावा याचे गणित. दुसऱ्या भागात नमुना निवड, त्रुटी आणि अभिनती; तिसऱ्यात रोनाल्ड फिशर यांच्या पद्धतीने शेतातल्या प्रयोगांची आखणी, म्हणजे नवे वाण खरेच सरस आहे की त्याला चांगली जमीन मिळाली होती, हे ओळखण्याची युक्ती. चौथा भाग भाकिताचा आणि त्याच्या तपासणीचा. दहावीपर्यंतचे गणित पुरेल. अपूर्णांक, टक्केवारी आणि वर्गमूळ येत असले की झाले. जिथे जास्त गणित लागते तो मजकूर वेगळा काढला आहे, तो सोडून पुढे गेले तरी धागा तुटत नाही.

हे पुस्तक सोनपेठ, गंगाखेड, पाथरीच्या महाविद्यालयात संख्याशास्त्राच्या तासाला बसलेल्या आणि याचा उपयोग काय, असा प्रश्न पडलेल्या विद्यार्थिनीसाठी आहे. शिवारात माप घेणाऱ्या कृषी कर्मचाऱ्यासाठी, आकडे छापणाऱ्या वार्ताहरासाठी आणि त्या आकड्यांवर ज्यांचे वर्ष अवलंबून असते त्या शेतकऱ्यांसाठीही आहे. या विषयाला लोक घाबरतात, कारण तो बहुधा सूत्रांच्या रांगेतून शिकवला जातो आणि सूत्र ज्या प्रश्नासाठी जन्मले तो प्रश्न सांगायचा राहून जातो. इथे प्रश्न आधी आहे. उत्तर काढायला वेळ लागला तर लागू द्यावा. हा विषय हळूहळू मुरणारा आहे.

सुरुवात पावसाळ्यात करावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. त्यातला आपल्या जिल्ह्याचा अंदाज वहीत एका रकान्यात उतरवा, शेजारच्या रकान्यात तुमचा स्वतःचा अंदाज टक्क्यांत लिहा आणि तिसऱ्यात प्रत्यक्ष पडलेला पाऊस. महिनाभराने दोघांचे दंडगुण काढा. पहिल्या प्रकरणातला पहिला स्वाध्याय हाच आहे, आणि त्याची उत्तरे पुस्तकाच्या शेवटी दिलेली नाहीत. ती तुमच्या वहीतच तयार होतील.